मावळातली पोरं वाया का गेली नाहीत?

३० जून २०२४ चा रविवार लोणावळेकर सहजासहजी विसरणार नाहीत. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसरमधल्या सय्यदनगरचं एक मुस्लिम कुटुंब अडकलं. वरून लोंढा आला आणि एक महिला व चार मुलं वाहून गेली. तो व्हिडिओ देशभर फिरला. पाण्यात एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं अनेकांना आजही आठवत असतील.

व्हिडिओ संपल्यावर काय झालं, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलं. पोलीस आणि नौदलाचे पाणबुडे यांच्यासोबत लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेची पोरं पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशीही शोध चालूच होता. ही पोरं पगारी नाहीत. कुणी दरीत पडलं, कुणी धुक्यात वाट चुकलं, कुणी बुडालं, की फोन येतो आणि हातातलं काम टाकून ती दोर घेऊन निघतात. अनेकदा जिवंत माणूस हाती लागतच नाही. तरी ती जातात.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर हाच विषय होता. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, “याच वयाची आपली पोरं रात्री दोन वाजता हायवेवर गाड्या पळवतात. गाव तेच, पाऊस तोच. मग ही अशी आणि ती तशी का?”

प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. पण मला तो मावळच्या चारशे वर्षांचा प्रश्न वाटला.

उलटा प्रश्न

गुन्हा घडला की आपण विचारतो, हा मुलगा असा का झाला? मग उत्तरं तयार असतात. गरिबी, दारू, बापाचा मार, मोबाइल, संगत. ही सगळी कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. त्याच गल्लीत, त्याच गरिबीत, तशाच बापाच्या हाताखाली वाढलेली दहातली सात-आठ मुलं गुन्ह्याच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण त्यांची बातमी होत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात, वॉल्टर रेकलेस आणि सायमन डिनिट्झ या अभ्यासकांनी हा प्रश्न उलटा केला. शहरातल्या सर्वाधिक गुन्हेगारीच्या वस्त्यांमधल्या शाळांत ते गेले आणि सहावीच्या शिक्षकांना त्यांनी विचारलं, तुमच्या वर्गातला कोणता मुलगा पोलिसांच्या तावडीत कधीच सापडणार नाही, असं तुम्हांला वाटतं? त्यातून अखेर १२५ मुलं निवडली गेली. त्यांच्याशी आणि त्यांच्या आयांशी बोलणं झालं. या मुलांची स्वतःबद्दलची कल्पना पक्की होती. ‘आपण त्यातले नाही’ असं ती मानत होती. रेकलेस यांनी यावरून दोन बांधांची मांडणी केली. एक बांध माणसाच्या आत असतो आणि दुसरा बाहेर, म्हणजे घर, शाळा, शेजार यांचा. दोन्ही बांध धड असतील तर पूर आला तरी शेत वाहून जात नाही.

या मांडणीवर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती. ज्या मुलाला मास्तर चांगला म्हणतात, तो स्वतःला चांगला समजणारच. मग ‘मी तसला नाही’ ही भावना मुळात येते कुठून? आईच्या पोटातून तर येत नाही. इथे मला मावळचा इतिहास अमेरिकेतल्या प्रश्नपत्रिकेपेक्षा जास्त बोलका वाटतो. कारण एकाच डोंगरातल्या, एकाच जातीच्या, एकाच कुळातल्या पोरांना इथे कधी रखवालदार म्हटलं गेलं, तर कधी दरोडेखोर.

बारा मावळ

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावं आजही आपल्या तालुक्यात रोजच्या बोलण्यात आहेत. सह्याद्रीच्या या खोऱ्यांत पाऊस अतोनात आणि जमीन बेताची. खाली भात, उतारावर नाचणी आणि वरी. सतराव्या शतकात मावळातले देशमुख आपापसात भांडत होते. सभासदाच्या बखरीत त्यांच्यातल्या काहींसाठी ‘पुंड’ हा शब्द येतो. अंगात रग आणि हाताला काम नाही, अशी पोरं ज्याच्या पदरी जास्त, तो मोठा. आजच्या भाषेत सांगायचं तर हा ‘अशांत परिसर’ होता.

याच पोरांमधून शिवाजी महाराजांचं पायदळ उभं राहिलं. त्या पायदळाचा सुरुवातीचा सरनोबत म्हणून सभासद नूर बेगाचं नाव देतो. मावळच्या हिंदू पोरांची शिस्त एका मुसलमान सरदाराच्या हाती होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज मुद्दाम सांगावं लागतं.

पुंडाचा शिपाई झाला तो प्रवचनानं नव्हे. त्याला ठरलेलं रोख वेतन मिळालं. लुटीचा हिशेब सरकारात द्यावा लागला. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या लोकांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या दाण्याला, भाजीला, गवताच्या काडीला हात लावू नका, असा त्याचा आशय आहे. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा, महाराजांबद्दल कडवट लिहिणारा इतिहासकार. पण मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही, हा त्यांच्या फौजेचा नियम होता, हे त्यालाही नोंदवावं लागलं.

आणि नियम फक्त गरिबाच्या पोराला नव्हता. १६४६ मध्ये रांझे गावच्या पाटलानं बदअंमल केला तेव्हा त्याचे हातपाय तोडले गेले, पाटीलकी काढून घेतली गेली. आजच्या काळात ती शिक्षा कुणी मागणार नाही. पण त्यामागची गोष्ट मावळच्या पोरांना नक्की समजली असेल, की कायदा वरच्यालाही लागू आहे. बाहेरचा बांध टिकतो तो असा. पाटलाचा मुलगा सुटतो आणि आपला अडकतो, हे पोराला दिसलं की पहिलं भगदाड तिथेच पडतं.

जागल्या

त्या काळच्या गावगाड्यात एक माणूस होता, ज्याच्याबद्दल आपण कमी बोलतो. तो म्हणजे जागल्या. पुणे प्रांतात हे काम बहुधा रामोशी समाजाकडे असे. रात्री गावाची राखण करायची आणि चोरी झाली तर माग काढायचा. पाऊलखुणा बघत बघत माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला, की जबाबदारी त्या गावावर जाई. माग तिथेच संपला, तर नुकसान भरून देण्याची पाळी येई. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीची दखल आहे. किल्ल्यांभोवतीच्या घेऱ्यातही रामोशी, कोळी, महार, मांग यांना राखणीची कामं आणि त्याबद्दल जमिनी असत.

या व्यवस्थेला कुणी आदर्श म्हणू नये. ती जातीनं बांधलेली होती आणि वरच्यांच्या सोयीची होती. पण तिच्यात एक शहाणपण होतं. ज्या हातात चोरी करण्याची ताकद आहे, त्याच हातात राखण दिली होती. रात्रीचा अंधार, डोंगरातल्या वाटा, माणसांच्या चाली हे सगळं ज्याला ठाऊक, तोच गावाचा विश्वासू.

मग तो विश्वास काढून घेतला गेला. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेले. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रोथरच्या फौजेनं आपल्या मावळातले विसापूर आणि लोहगड घेतले. किल्ल्यांना काम उरलं नाही, तसं किल्ल्यांच्या राखणदारांनाही उरलं नाही. पुढच्या पंधरा वर्षांत काय झालं, ते उमाजी नाईकांच्या आयुष्यात वाचायला मिळतं. १७९१ मध्ये पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीत जन्मलेल्या या माणसानं कंपनी सरकारला जेरीस आणलं. मध्यंतरी कंपनीनंच त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतलं होतं. कालपर्यंत ज्याच्यावर इनाम लावलं, तोच बंदोबस्ताला! ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. आज आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. राखणदार, दरोडेखोर, सरकारी माणूस, क्रांतिकारक. माणूस एक आणि शिक्के चार. प्रत्येक शिक्का मारणारा हात वेगळा.

घाटातली मजुरी

१८५६ च्या जानेवारीत बोरघाटाच्या रेल्वेचं काम सुरू झालं. सुमारे पंचवीस किलोमीटरचा चढ आणि पंचवीस बोगदे. जानेवारी १८६१ मध्ये घाटात एकाच वेळी ४२,००० मजूर होते. लांबून आलेले, झोपड्यांत राहणारे, घरापासून तुटलेले. पटकीची साथ आली की तळच्या तळ ओस पडायचे. गुन्हेगारीसाठी याहून सुपीक जमीन कोणती?

१८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. मजुरांनी गोऱ्या अधिकाऱ्यांवर हल्ला केला आणि त्यात एक जण मेला. साहेबांच्या नोंदींत हा ‘दंगेखोर जमाव’ आहे. पण चौकशी झाली तेव्हा निघालं काय? मजुरी थकली होती आणि मधले ठेकेदार पैसे खात होते. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, सार्वजनिक बांधकामांवरचे मालक आणि मजूर यांच्यातले वाद सोडवण्यासाठी कायदा आला. त्यात मजुराला थकलेल्या पैशासाठी दाद मागता येत होती खरी. पण मजुरानं काम सोडलं तर तो गुन्हेगार, आणि मालकानं पैसे बुडवले तर तो नुसता पैशाचा वाद, अशी वाटणी होती.

मला यात विचार करण्यासारखी गोष्ट दंगल ही नाही. एवढ्या हजारो माणसांनी सात वर्षं हा घाट पोखरला आणि २१ एप्रिल १८६३ ला तो सुरू झाला. दंगल इतिहासात नोंदली गेली आणि ती न करणारी इतकी वर्षं कुणी नोंदवली नाहीत. आपल्या मोहल्ल्यांचंही तसंच आहे.

जन्मापासूनचा शिक्का

यानंतर सरकारनं रेकलेसच्या बरोबर उलटं काम केलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि १९११ पर्यंत तो देशभर लागू करण्याची सोय झाली. शिक्षकांना विचारून चांगली मुलं निवडायची तर सोडाच, अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, वसाहत, तारेचं कुंपण. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. पण महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत आजही रामोशी आहेत, वडार आहेत, आणि छप्परबंद आहेत, ज्यांत मुसलमानही येतात. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, पण पोलीस ठाण्यातली नजर कुठे गेली?

शिक्क्यानं होतं काय, तर आतला बांध फुटतो. ‘मी तसला नाही’ असं मुलानं म्हणण्याआधीच जग म्हणतं, ‘तू तसलाच’. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. नाकाबंदीत नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्याला ठाऊक असतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्यातल्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला तेव्हा बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी काहीही संबंध नव्हता, असंच दिसलं. पण लोकांच्या मनातलं चित्र वेगळंच आहे.

घाटाखालचं मैदान

याच रेल्वेनं घाटावरची पोरं मुंबईत नेली. त्यातली कित्येक नागपाडा, भायखळा, मदनपुरा या भागांत स्थिरावली. नागपाडा म्हणजे शेजारी कामाठीपुरा, दाट वस्ती, गिरणीचे आणि गोदीचे कामगार. तिथे १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू केलं. वाचनालय, दवाखाना, वर्ग, खेळ. १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था त्याच इमारतीत सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. वर सांगितलेला तुरुंगांचा अभ्यास करणारी संस्था मुळात एका बदनाम मोहल्ल्यात जन्मली, हे विशेष.

आणि नागपाड्यात बास्केटबॉल रुजला. क्रिकेट नाही, बास्केटबॉल! जागा थोडी लागते, एक चेंडू पुरतो आणि दहा पोरं खेळतात. बच्चू खान या प्रशिक्षकानं पोरं घडवली. आज तिथल्या महापालिकेच्या मैदानाला त्यांचं नाव आहे. याच मोहल्ल्याचा अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आसपासच्याच गल्ल्यांतून पुढे टोळ्याही निघाल्या, त्यांच्यावर सिनेमे निघाले. बास्केटबॉलवर कुणी सिनेमा काढला नाही. पण संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर गेलं नाही, तर ‘आज का आला नाहीस?’ असं विचारणारा माणूस तिथे होता. मुलाला वाचवणारं वाक्य कधी कधी एवढंच असतं.

चावी

आता थोडं माझं सांगतो. आमची वस्ती रेल्वे लाइनच्या पलीकडे. मी चौदा वर्षांचा होतो आणि माझा एक जिगरी दोस्त होता. शाळा एक, मशीद एक, दोघांच्या घरची हालत एकच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मामूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एके दिवशी त्यांनी मला दुकानाची चावी दिली. “सुबह सात बजे तू खोल. मेरे घुटने दुखते हैं.” बस. गल्ला उघडा असायचा. मी कधी मोजला जायचो नाही, म्हणूनच मी रोज दोनदा मोजायचो. शाळेच्या आधी दीड तास आणि नंतर तीन तास. अम्मी सांगायची, “दुकान तुझ्या भरवशावर आहे, उशीर करू नको.”

माझ्या दोस्तालाही कुणीतरी काम दिलं. मटक्याच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवायचं. त्यालाही वेळेवर जावं लागे. त्याच्यावरही विश्वास टाकलेला होता. त्यालाही नाव मिळालं. पुढे तो दोनदा आत जाऊन आला. हल्ली कधी भेटला की माझ्याशी आदरानं बोलतो, आणि मला लाज वाटते. कारण मी त्याच्यापेक्षा चांगला होतो म्हणून वाचलो, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मामूंचे गुडघे दुखत होते म्हणून वाचलो.

आज मावळात परिस्थिती जास्त अवघड आहे. घाटाच्या तोंडाशी शेतं गेली आणि तिथे बंगले आले. तळेगाव–चाकणकडे कारखाने आले, त्यांच्याबरोबर भंगाराचे, मजुरांचे, माती वाहण्याचे ठेके आले. जमीन विकून आलेला पैसा गाडीत आणि फ्लेक्समध्ये संपला की पोरगा कुठल्यातरी ‘भाऊ’कडे जातो. भाऊ काय देतो? भाऊ त्याला नावानं हाक मारतो. काम देतो. गाडीची चावी देतो. फ्लेक्सवर फोटो छापतो. वाढदिवसाला कोयत्यानं केक कापून घेतो. टोळी मुलाला पैशाआधी किंमत देते. हे आपण मान्य केल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही. मामू आणि भाऊ या दोघांनाही मुलाच्या मनाची एकच जागा ठाऊक असते. प्रश्न फक्त तिथे आधी कोण पोचतो, याचा आहे.

आपल्याकडे या गोष्टीसाठी नेमका शब्द आहे. अमानत. दुसऱ्याची वस्तू विश्वासानं आपल्या हाती असणं. ज्याच्याकडे अमानत आहे, तो दुबळा असला तरी ताठ उभा राहतो. जागल्याकडे गाव ही अमानत होती. ‘शिवदुर्ग’च्या पोरांकडे दरीत अडकलेल्या अनोळखी माणसाचा जीव ही अमानत असते. ती सगळी पोरं वाईट वस्तीतून आली किंवा कुणी त्यांना सुधारलं, असा माझा दावा नाही. पण रात्री दोनला कुणीतरी आपल्या दोरावर लटकून वर येणार आहे, हे माहीत असलेला मुलगा त्या रात्री हायवेवर गाडी पळवत नसतो.

आपण मात्र मुलांना उपदेश देतो आणि चाव्या स्वतःच्या खिशात ठेवतो. आमच्या मशिदीच्या पाण्याच्या मोटारीची चावीसुद्धा सत्तरीतल्या माणसाकडे आहे. वाचनालयाचं कपाट आहे, पण कुलूप उघडायला अध्यक्ष लागतात. उरुसाचा हिशेब, इज्तेमाचं पार्किंग, ईदच्या दिवशीची गर्दी, गणपतीच्या मंडळाशी बोलणी, यांतलं कुठलं काम पंधरा वर्षांच्या पोराला जमणार नाही? चुकेल एकदा. मामूंच्या दुकानात मीही पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची सायकल दुसऱ्यालाच दिली होती. मामू दिवसभर ती शोधत फिरले. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी चावी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, “कल सात बजे.”

टपरीवरच्या त्या बुजुर्गांना मी त्या दिवशी हे काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, “चाचा, मोटारीची चावी तुमच्याकडेच असते ना?” ते हसले. पुढच्या शुक्रवारी मोटार सुरू करायला त्यांचा नातू आला होता. पाच मिनिटं उशिरा आला, पण आला.